तिसरा दिवस पुरा करावा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा गाड्यांच्या सीटा शिवणे (आता बंद), राहणार दुकानावरच्या दोन खोल्या, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. या रस्त्यावर मला सगळे सीटवाला म्हणतात, पोस्टमनसुद्धा. माझे डोके ठिकाणावर आहे. हे कोणी विचारण्याआधीच सांगतो, कारण आमच्या घरात ते विचारले जाते. निजण्याआधी मी दाराची कडी पुन्हा पुन्हा पाहतो, गॅस पाहतो, नळ पाहतो. ते वेड नव्हे, तो स्वभाव आहे, आणि डॉक्टरांनीही तसेच सांगितले आहे. मला कोणी धमकावलेले नाही किंवा गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. बायको समोर उकडलेले बटाटे सोलत बसली आहे. ती मधून मधून डोकावून वाचते आणि पुन्हा सोलायला लागते.

शिक्षण सातवी. म्हणून कायद्याची भाषा कुठे चुकली असेल तर अर्थ घ्यावा, शब्द धरून बसू नये. शेजारचे चष्मेवाले यांनी त्यांच्या वडिलांचे मृत्युपत्र नमुन्यासाठी दिले, त्यावरून काही वाक्ये घेतली आहेत. त्यांच्या वडिलांकडे दोन बंगले आणि एक विहीर होती, त्यामुळे बरीच वाक्ये मला उपयोगी पडली नाहीत.

हे आताच लिहिण्याचे कारण असे, की उद्या सकाळी आम्ही दोघे आमच्या गाडीने समुद्रावर निघत आहोत. मला वाटते मी जिवंत परत येणार नाही. बायकोला वाटते येईन. दोघांपैकी कोणाचे खरे ते कळेलच, पण माझे खरे ठरले तर मला मागाहून लिहिता येणार नाही.

प्रकृतीबद्दल. माझ्या छातीतली मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवले. मला चित्राची गरज नव्हती. फोम जास्त कोंबला की रेक्झिनची शिवण कशी ताणते आणि टाका टाका दिसायला लागतो, ते मी जन्मभर पाहिले आहे. ऑपरेशन या वयात झेपणार नाही असे ते म्हणाले. मी विचारले, प्रवास केला तर? ते म्हणाले, "गाडी तुम्ही चालवू नका. बाकी घरात बसलात तरी ती फुटेल, बाहेर गेलात तरी फुटेल. कधी ते मला सांगता येणार नाही." हे ऐकायला मुलगा माझ्या शेजारीच बसला होता. घरी येऊन त्याने सगळ्यांना सांगितले, की डॉक्टरांनी बाबांना घरात बसायला सांगितले आहे. तो खोटे बोलत नाही. त्याला तेवढेच ऐकू आले.

कलम एक. घर.

दुकानावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचा सज्जा आणि खालचे बंद दुकान हे सर्व माझ्या पत्नीचे. तिच्या हयातीत तिचे, आणि पुढे ती म्हणेल त्याचे. बँकेत जे असेल तेही तिचेच. त्याचा हिशेब इथे लिहीत नाही, तिला तो माझ्यापेक्षा बरा ठाऊक आहे.

मुलाने तिला "काही दिवस आमच्याकडे चल" असे म्हणून नेऊ नये. काही दिवस म्हणजे काय ते मी ओळखून आहे. त्याच्या घरी तिला जी खोली मिळेल तिथे इस्त्रीचे टेबल आणि नातवाची मोडकी सायकल ठेवलेली असते, आणि पलंग टाकला की दार पुरते उघडत नाही. मी मागच्या वेळी गेलो तेव्हा वीत लावून पाहिले आहे. तिला स्वतःहून जावेसे वाटले तर खुशाल जावे. पण जेवायला बसल्यावर सगळ्यांच्या देखत विचारून तिच्याकडून "हो" म्हणवून घेतले असेल तर ते "हो" धरू नये. ती चारचौघांत नाही म्हणत नाही. मला मात्र म्हणते.

सूनबाईंबद्दल तक्रार नाही. त्या माझ्याशी मोजके बोलतात आणि मला तेच बरे पडते.

कलम दोन. दुकानातली हत्यारे.

शिलाई मशीन लेकीला. लहानपणी ती दुकानात फोमच्या तुकड्यांच्या ढिगात झोपायची आणि मशीन थांबले की जागी व्हायची. त्या मशीनचा आवाज या घरात तिच्याइतका कोणाला आवडला नाही. चालवायचे नसले तरी तिने ते न्यावे. जावयांनी "हे लोखंड कुठे ठेवायचं" असे विचारले, तर त्यांना सांगावे की कुठे ठेवायचे ते सासऱ्यांनी लिहिलेले नाही.

दाभणे, वाकड्या सुया आणि हातोडी ज्याला लागतील त्याला. मोठी कात्री माझ्या धाकट्या भावाला. ही तीच कात्री आहे, जी त्याने "अर्ध्या तासात आणतो" म्हणून नेली आणि पत्रा कापून परत आणली. त्यानंतर तिने रेक्झिन कधी सरळ कापले नाही, नुसते चावले. आम्ही दोघे त्यावरून बोलायचे थांबलो. लोकांना वाटते की दुकानाच्या वाटणीवरून थांबलो. वाटणी नंतर झाली. कात्री त्याला त्याच धारेने द्यावी. लावून देऊ नये.

ज्या शोरूमवाल्याने माझ्या शिवलेल्या सगळ्या सीटा टाके तिरके म्हणून परत पाठवतो सांगितले, भाव पाडून घेतला, आणि मग त्याच सीटा गाड्यांत बसवून विकल्या, त्याला काही नाही. त्याला काही मिळणार होते असे नाही, पण नाही हे लिहून ठेवतो.

कलम तीन. गाडी.

गाडी पत्नीची. हे कलम नीट वाचावे, कारण भांडण इथे होणार आहे.

मुलाच्या ताब्यात गाडीची एक चावी आहे. ती त्याने कशी घेतली ते सांगतो. दोन वर्षांमागे आम्ही दोघे समुद्रावर जायला निघालो होतो, तेव्हा गाडी मी चालवत होतो. वाटेत चावी हरवली तर काय, या काळजीने मी दुसरी चावी आदल्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटमध्ये शिवून टाकली होती. अशी, की चोराला हाताला लागणार नाही. पुढे एका चहाच्या टपरीवर थांबलो, उतरलो, दारे लावली, आणि पहिली चावी आत लटकत राहिली. दुसरीही आतच होती, फोममध्ये. बायको काचेतून सीटकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शिवण फार सुरेख झाली आहे हो." टपरीवाला इतका हसला की त्याने आमच्याकडून चहाचे काही घेतले नाही. मुलगा कामावरून आला, त्याने मागची लहान काच फोडली, आणि टपरीवरच्या सगळ्यांसमोर मला विचारले, "बाबा, चावी सीटमध्ये? सीटमध्ये शिवली?" आम्ही तिथूनच परत फिरलो. पहिली चावी त्याने सांभाळायला म्हणून नेली ती नेलीच.

पुढे डॉक्टरांनी मला गाडी चालवायला बंदी केली. तेव्हा बायको कोणाला न सांगता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायला लागली. शिकवणारा तिला आजी म्हणायचा आणि प्रत्येक वळणावर आधी स्वतःचे पाय आखडून घ्यायचा. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, कारण एक कुत्रे रस्त्यात आळस देत होते आणि ती ते उठेपर्यंत थांबली. दुसऱ्यांदा पास झाली. परवाना घरी आला तेव्हाच मला कळले. मी म्हणालो, "मला विचारायचं तरी." ती म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही झोपला असता का इतके दिवस?"

ती बुटकी आहे, माझ्या सीटवरून तिला रस्ता अर्धाच दिसायचा. खाली उशी घेतली की ती घसरते. म्हणून मी ड्रायव्हरची सीट उसवून तिच्या मापाने पुन्हा शिवली. तेव्हा फोममधली चावी मिळाली. ती आता आमच्याकडे आहे. मुलाला हे माहीत नाही. उद्या निघतो आहोत हेही त्याला माहीत नाही. आम्ही पोहोचल्यावर त्याला फोन करू.

माझ्या मागे गाडी "आता आईला काय करायची" म्हणून विकू नये. तिची नजर चांगली आहे. ती गाडी सावकाश चालवते आणि मागच्याने भोंगा वाजवला तरी गडबडत नाही, हे मला जन्मात जमले नाही.

मुलाला वेगळे काही ठेवलेले नाही याचा राग त्याने धरू नये. तो अपघातविम्याच्या कचेरीत आहे. दिवसभर कोण कुठे कसा मेला याचेच कागद वाचतो आणि संध्याकाळी आमच्या जिन्याचा कठडा हलवून बघतो. हा घाबरटपणा माझा आहे. तो त्याला माझ्या हयातीतच पुरा मिळालेला आहे.

कलम चार. मी वाटेत वारलो तर.

आधी माझ्या मित्राबद्दल लिहावे लागेल. हा समोरच्या चाळीतला कंडक्टर. जन्मभर बसमध्ये तिकिटे फाडली. दुकानाच्या दाराशी मी बसची एक जुनी सीट टाकली होती. नोकरी संपल्यावर तो संध्याकाळी तिच्यावर येऊन बसायचा, नेहमी खिडकीच्या बाजूला, जरी तिथे खिडकी नव्हती. आम्ही समुद्राचे बेत करायचो. घाई करायची नाही हा त्याचा पहिला नियम. "इतकी वर्षं वेळेवर सुटलो," तो म्हणायचा, "आता उशिरा सुटायचं." ऊन चढायच्या आत थांबायचे. जिथे चहा बरा लागेल तिथे दुसरा घ्यायचा. पहिल्या दिवशी अर्धी वाट, दुसऱ्या दिवशी पोहोचायचे, तिसऱ्या दिवशी काही म्हणजे काही करायचे नाही. तिसऱ्या दिवसासाठी तर जायचे, असे तो सांगायचा. लोक समुद्रावर जातात आणि तिथेही बाजार, फोटो, खरेदी करत पळत सुटतात. नुसते पाण्यासमोर बसायला कोणी जात नाही. दीपगृह असलेले एक गाव त्याने त्यासाठी हेरून ठेवले होते. आपण उद्या तिथेच चाललो आहोत. (आपण म्हणजे मी आणि बायको. चष्मेवाले म्हणतात मृत्युपत्रात आपण लिहू नये. राहू द्या.)

तो आणि वहिनी आमच्या आधी गेले, बसने. दुसऱ्या दिवशी पोहोचले. त्यानंतरच्या सकाळी, म्हणजे तिसऱ्याच दिवशी, तो दात घासता घासता बेसिनपाशी खाली बसला आणि उठला नाही. पुढच्या दाराशी पाहुणे नाश्त्याला बसले होते म्हणून लॉजवाल्याने त्याला मागच्या जिन्याने उतरवायला लावले. दुपारी त्याचे मुलगे व्हॅन घेऊन गेले आणि दोघांना एकदमच घेऊन आले. वहिनी मागे त्याच्याजवळ बसून आली. समुद्र तिने खोलीच्या खिडकीतून पाहिला तेवढाच. मुलगे वाईट नाहीत. आवाज कोणी चढवला नाही. पण तेव्हापासून वहिनी मागच्या खोलीत असते. रस्त्याकडच्या खिडकीत बसत नाही. भाजी मुलगे आणतात, औषधे मुलगे आणतात. तिला काही कमी नाही.

मी त्याच्या मरणाला जितका घाबरलो नाही तितका त्या खोलीला घाबरतो. म्हणून पुढील सूचना.

मी गाडीत वारलो तर पत्नीने गाडी कडेला घ्यावी, हँडब्रेक ओढावा, दिवे लुकलुकते ठेवावेत. माझे डोके धरत बसू नये. येणारी गाडी दिसली की रस्त्यात उतरून हात करू नये, फोन करावा. खोलीत वारलो तर मला पुढच्या जिन्याने उतरवावे. तेव्हा कोणी नाश्ता करत असेल तर त्याने करावा, मी काही बोलणार नाही.

त्या गावात सरकारी दवाखाना आहे, मी फोन करून विचारले आहे. तिथे थंड पेटी आहे. (त्या बाईने विचारले, पेशंटचे नाव काय. मी म्हणालो, अजून तसे काही नाही. तिने फोन ठेवला.) तिथे मला एक दिवस जास्त ठेवल्याने माझे काही बिघडणार नाही. मला घाईने परत आणू नये. पत्नीला माझ्याबरोबर मागे बसवून आणू नये. जे काही विधी करायचे ते नंतर करावेत किंवा तिथेच करावेत, आणि ज्यांना लांब पडेल त्यांनी येऊ नये.

पत्नीने तिसरा दिवस पुरा करावा. मी पहिल्या दिवशी गेलो असलो तरी तिने पुढे जावे. दुसऱ्या दिवशी गेलो असलो तरी थांबावे. पाण्यासमोर बसावे, चहा घ्यावा, एवढेच. तिला हा दिवस माझ्याकडून येणे आहे. लग्न झाल्यापासून तिने मला सांगितले असेल की चला, आणि मी म्हणालो असेन की आधी हे एवढे होऊ दे. तिसऱ्या दिवशी मुलाने तिला फोन करून "आता निघालीस का" असे विचारू नये.

कलम पाच. प्रश्न.

या कलमात मी आधी एकच ओळ लिहिली होती: माझ्या मृत्यूबद्दल माझ्या पत्नीस कोणी दोष देऊ नये. ओळ चांगली वाटली. साक्षीदार म्हणून सही कराल का, हे विचारायला मी ती घेऊन वहिनीकडे गेलो. तिने कागद खिडकीशी नेला आणि ओळीखाली बोट धरून वाचला.

"भाऊजी, याने काही होणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"दोष कोणी देत नाही हो. मला कोणी दिला? नुसतं विचारतात."

"काय विचारतात?"

"जेवताना. मी वाढत असताना. 'आई, बाबांना आधी घाम आला होता का?' मी म्हणते, नाही. मग महिन्याने, 'आई, तू तेव्हा नक्की कुठे होतीस?' मी टॉवेल वाळत घालत होते. खरंच घालत होते. तर म्हणतात, 'बरं.'" तिने कागद माझ्या हातात दिला. "ते 'बरं' लिहा यात. ते बंद करा."

"म्हणजे कोणी काही विचारू नये, असं लिहू?"

"विचारायचं कोणी थांबत नाही. उत्तरं तुम्ही देऊन ठेवा. ह्यांनी दिली नाहीत. ह्यांना सुट्टे सोडून कशाची तयारी ठेवायची सवयच नव्हती."

म्हणून ती ओळ खोडली आहे. तिच्याऐवजी खालील लिहितो. मुलाने हे मोठ्याने वाचावे, आणि वाचून झाल्यावर बरं म्हणू नये.

समुद्रावर जायची हौस कोणाची होती? माझी. तिचीही होती, पण या वेळी जाऊ या असे मी म्हणालो. डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हणालो. ती म्हणाली, नको. मी दोनदा म्हणालो.

गोळ्या वेळेवर दिल्या होत्या का? माझ्या गोळ्या मी घेतो. ती देत नाही. घेतल्या नसतील तर मी घेतल्या नाहीत.

परत फिरावे असे तिला का सुचले नाही? सुचले असेल तर मीच फिरू दिले नसणार.

ती गाडी जोरात चालवत होती का? तिच्या गाडीला सायकलवाले मागे टाकतात.

ती तेव्हा कुठे होती? जिथे असेल तिथे. टॉवेल वाळत घालत असेल, झोपली असेल, चहा आणायला गेली असेल, माझ्यावर चिडून बाहेर जाऊन उभी राहिली असेल. माणूस चोवीस तास माणसाकडे बघत बसत नाही. मी बघत बसलो असतो, म्हणून ती मला सांगते की जरा तिकडे जाऊन बसा.

मी काही बोललो का शेवटी? बोललो असलो तर ते तिच्याशी बोललो. तिला वाटले तर ती सांगेल.

बाबा घरी असते तर वाचले असते का? नाही. हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितले आहे. तू उजव्या बाजूला बसला होतास आणि हातातली फाइल गुंडाळत होतास.

अजून एखादा प्रश्न सुचला तर तो मला उद्देशून समजावा आणि उत्तराची वाट पाहू नये.

कलम सहा. माझ्या जागेबद्दल.

माझ्या मागे गाडीतली पुढची डावीकडची सीट रिकामी राहील. ती मी आधी पत्नीच्या पाठीसाठी शिवली होती, आता मी तिच्यावर बसतो. ती सीट वहिनीला द्यावी, म्हणजे पत्नी जाईल तेव्हा वहिनीने तिच्याबरोबर जावे आणि त्यासाठी कोणाच्या मुलाची परवानगी लागू नये, असे मी इथे लिहिले होते. चष्मेवाले म्हणतात, की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्याच कागदाने काही मिळू शकत नाही. वहिनी म्हणाली, मग मला सहीच करू द्या, सीटचं आम्ही बायका बघून घेऊ. म्हणून हे कलम रद्द. आकडा राहू दिला आहे, म्हणजे मधले पान फाडले असा संशय कोणाला येणार नाही.

इथे मृत्युपत्र संपणार होते. सह्यांसाठी दोघे साक्षीदार वर आले. वहिनी कठड्याला धरून, एक एक पायरी थांबून आली. कंडक्टर गेल्यापासून ती आमच्याकडे पहिल्यांदाच आली. बायकोने चहा ठेवला. चष्मेवाल्यांनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले, कात्रीच्या जागी जरा भरभर वाचले. वाचून झाल्यावर बायकोने कप खाली ठेवला.

"आणि मी गेले तर?" ती म्हणाली.

"कुठे?" मी विचारले.

"कुठे काय. तुम्ही निघालात तिथेच."

मला हे सुचले नव्हते. मी टायर फुटेल याचा विचार केला होता. परक्या गावात औषधाचे दुकान बंद असेल, लॉजच्या जिन्याला दिवा नसेल, तिला गाडी मागे घेता येणार नाही, या सगळ्याचा केला होता. याचा नाही.

"तुला काय झालंय?" मी म्हणालो.

"काही नाही. वय झालंय, आणि गाडी मी चालवणार आहे. तेच कलम तुमच्या नावाने लिहा. मी वाटेत गेले तर तुम्हीही तिसरा दिवस पुरा करायचा."

"मला जमणार नाही."

"मला जमेल, असं मात्र पानं भरून लिहिलंत."

वहिनी म्हणाली, "बरोबर बोलते ती."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "आजोबा, कायद्याने हे यात बसत नाही. मृत्युपत्र तुमचं आहे. यांच्या मरणाचं यात कसं लिहिणार?"

"बसवा," बायको म्हणाली. "नाही तर माझ्या तिसऱ्या दिवसाचं कलमही फाडा. उद्या जायलाच नको. तिकडे गाडीत बसून तुमच्याकडे बघत राहायचं, की तुम्ही गेलात तर मी थांबायचं आणि मी गेले तर तुम्ही घरी येऊन कडी तपासत बसणार, हे माझ्याने होणार नाही."

मी म्हणालो, विचार करतो. ती म्हणाली, करा, आम्ही बसलो आहोत. तिघेही बसून राहिले. चष्मेवाल्यांचे दुकान उघडेच होते, ते गेले नाहीत.

कलम फाडले तर उद्या आम्ही निघत नाही. मग ती रक्तवाहिनी इथे, या टेबलाशी फुटेल, आणि तरी तिला विचारतील की तू तेव्हा कुठे होतीस, आणि उत्तराचा कागद नसेल. म्हणून लिहितो.

कलम सात.

माझ्या आधी माझी पत्नी वाटेत वारली तर मी लगेच परत फिरणार नाही. गाडीला हात लावणार नाही. मुलाला फोन करीन, पण तो आला तरी तिसरा दिवस मावळेपर्यंत त्याच्याबरोबर निघणार नाही. ठरल्या गावी, पाण्याकडे तोंड करून बसेन. उठून खोलीची कडी बघायला जाणार नाही. चहा कोणी दिला तर घेईन. ती थकली होती का, मी तिला थांब म्हणायला हवे होते का, सीट उंच झाली होती का, तिने आधी काही सांगितले होते आणि मी ऐकले नाही का, हे मी विचारणार नाही.

शेवटचे वाक्य वहिनीने सांगितले. मी तिला म्हणालो, हे मी कोणाला विचारणार आहे? ती म्हणाली, "मुलं नंतर विचारतात, भाऊजी. आधी आपणच विचारतो."

कलम एक ते सहा मी माझ्या खुशीने लिहिली आहेत. कलम सात खुशीने लिहिलेले नाही. तरी त्याखालची सही माझीच आहे, आणि मी ती शुद्धीवर असताना, बायकोच्या समोर केली आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: निघण्याच्या आदल्या दिवशी, शनिवार, दिवेलागणीला.

सही: सीटवाला

वरील इसमाने आमच्या डोळ्यांदेखत, वाचून व समजून सही केली. कलम सातवर पेन बराच वेळ थांबले होते, पण कोणी त्याचा हात धरला नाही. आम्हांला या कागदाने काही मिळत नाही.

साक्षीदार पहिला: शेजारचे चष्मेवाले (सही)
साक्षीदार दुसरा: कंडक्टरची बायको (सही)